हिलमन, हम्बर आणि एक मोडी वही: बंद पडलेल्या ब्रिटिश मोटार कंपन्यांची दप्तरे कोणी सांभाळायची?

लिंबलोण

माझे सासरे १९५१ पासून सात-आठ वर्षे मुंबईतील एका गॅरेजमध्ये फोरमन होते. त्या गॅरेजात मुख्यतः हिलमन मिंक्स आणि हम्बर या गाड्यांची दुरुस्ती होत असे. गॅरेज बंद होऊन कित्येक वर्षे झाली. जागा रिकामी करताना तिथल्या सर्व नोंदवह्या एका टेम्पोत भरून रद्दीत गेल्या, असे सासरे नेहमी सांगत आणि सांगताना दर वेळी तितकेच चिडत. गेल्या महिन्यात त्यांची पत्र्याची ट्रंक आवरताना कळले की त्यांतली एक वही त्यांनी आधीच घरी आणून ठेवली होती.

वही लांबोडकी आहे आणि तिला लाल कापडी पुठ्ठा आहे. प्रत्येक पानावर तारीख, गाडीचा प्रकार, चासी नंबर, इंजिन नंबर, मालकाचे आडनाव, केलेले काम आणि शेरा असे रकाने आखलेले आहेत. नंबर इंग्रजीत आहेत, काम बाळबोध मराठीत आहे आणि शेऱ्याचा रकाना जवळजवळ पूर्ण मोडीत आहे. सासरे शाळेत मोडी शिकलेल्या शेवटच्या पिढीतले होते. घाईत लिहायचे झाले की त्यांचा हात आपोआप मोडीकडे वळत असे. मला त्यातले एक अक्षरही लागत नाही.

घरातले दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की ज्या कंपनीच्या गाड्यांची ही वही आहे ती कंपनीच जगात उरलेली नाही, तेव्हा वही आठवण म्हणून कपाटात ठेवावी. दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे माझे, म्हणणे असे की हिलमन बनविणाऱ्यांचे दप्तर विलायतेत कुठेतरी शिल्लक असेल, तर ही वही त्याच्याशी ताडून पाहता आली पाहिजे. बंद पडलेल्या ब्रिटिश मोटार कंपन्यांच्या कागदपत्रांचे नेमके काय होते, ती कोणाकडे जातात आणि आमच्यासारख्यांकडे असलेल्या सुट्या कागदांना तिथे काही जागा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

दप्तरदार

प्रथम एक विनंती. या वहीला लॅमिनेशन, सेलोटेप आणि नवीन बाइंडिंग यांपैकी काहीही करू नका. बाकीचे सावकाश बोलता येईल.

मोटार कंपनी बुडते तेव्हा तिच्या यंत्रांचा आणि सुट्या भागांचा लिलाव होतो, जमीन विकली जाते, नावालाही गिऱ्हाईक मिळते. कागदांना मात्र ताळेबंदात किंमत नसते. अवसायकाचे, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाचे, काम देणेकऱ्यांचे पैसे चुकते करण्याचे असते. हिशेबाची पुस्तके कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवली की त्याची जबाबदारी संपते. त्यामुळे कारखान्याचे दप्तर वाचते ते बहुधा कोणा कारकुनाने, ड्राफ्ट्समनने किंवा सुटे भाग विकणाऱ्या एखाद्या वारसदार धंद्याने ते वेळेवर उचलून नेले म्हणून. अल्व्हिसचे उदाहरण घ्या. कॉव्हेंट्रीच्या या कंपनीने १९६७ मध्ये मोटारी बनविणे थांबविले. तिचा सुट्या भागांचा व्यवसाय पुढल्या वर्षी केनिलवर्थच्या रेड ट्रँगल या संस्थेने घेतला आणि भागांबरोबर आरेखने व गाड्यांच्या नोंदीही आल्या. इतिहासप्रेमापेक्षा स्पेअर पार्ट विकण्याच्या गरजेने वाचलेले असे हे दप्तर आहे, आणि अशी दप्तरे अनेक आहेत.

कागदांचे प्रकारही वेगळे समजून घेतले पाहिजेत. संचालक मंडळाची इतिवृत्ते आणि व्यवहाराचे कागद हा एक प्रकार आहे. ऑस्टिन, रोव्हर, स्टँडर्ड-ट्रायम्फ आणि पुढे ब्रिटिश लेलँडमध्ये विलीन झालेल्या कंपन्यांचे असे बरेच कागद वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. १९७३ मध्ये सुरू झालेले हे केंद्र कामगार संघटनांच्या कागदपत्रांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. एकाच संपाची मालकांनी लिहिलेली आणि कामगारांनी लिहिलेली बाजू एकाच वाचनालयात बसून वाचता यावी, ही त्याची मोठी सोय आहे. लहानसहान, दोन वर्षे टिकून बुडालेल्या कंपन्यांची नोंदणीची कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘बीटी ३१’ या मालिकेत पाहावी लागतात. विसर्जित कंपन्यांच्या फायली तिथे आहेत, मात्र सगळ्या नाहीत, निवडक ठेवल्या आहेत. तरीही एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कंपनीचे भागधारक कोण होते आणि भांडवल किती होते हे कळण्याची ती बऱ्याचदा एकमेव जागा असते.

तुमच्या वहीचा संबंध तिसऱ्या प्रकाराशी आहे: कोणत्या नंबरची गाडी केव्हा बनली आणि कुठे गेली याच्या नोंदी. त्यावर मिडलँडकर अधिक सांगू शकतील.

मिडलँडकर

दप्तरदारांनी आठवण केली म्हणून लिहितो. मी पंधरा वर्षे कॉव्हेंट्रीजवळ राहतो, आणि माझ्याकडे १९६७ ची एक एमजीबी, म्हणजे एमजीची स्पोर्ट्स गाडी, आहे, तेवढाच माझा अधिकार.

आधी हिलमनबद्दल. हिलमन, हम्बर, सनबीम आणि सिंगर ही नावे रूट्स ग्रुपच्या छत्राखाली होती. विल्यम आणि रेजिनाल्ड रूट्स हे दोघे भाऊ मुळात गाड्या विकणारे होते. विकता विकता त्यांनी बनविणाऱ्या कंपन्याच विकत घेतल्या. १९६४ मध्ये अमेरिकेच्या क्राइसलरने या गटात भाग घेतला आणि १९६७ मध्ये ताबा मिळविला. १९७८ मध्ये क्राइसलरने आपला युरोपातील कारभार पेझोला विकला. रूट्सचा रायटनचा कारखाना पेझोने २००६ च्या डिसेंबरमध्ये बंद केला. पेझो स्वतः २०२१ मध्ये स्टेलँटिसमध्ये विलीन झाली. आता विचार करा, १९५२ च्या मिंक्सच्या पुढच्या ॲक्सलचे आरेखन सांभाळण्यात यांपैकी कोणत्या मालकाला रस असणार? प्रत्येक हस्तांतराच्या वेळी कोणीतरी तळघरातील कपाटे उघडून ‘हे कशाला हवे’ असे विचारले असेल, आणि प्रत्येक वेळी काहीतरी गेले असेल.

तरीही पुष्कळ वाचले. ऑक्सफर्डशायरमध्ये बॅनबरीजवळ रॉक्स्टन नावाचे खेडे आहे. तिथे रूट्स आर्काइव्ह सेंटर आहे. रूट्सच्या गाड्यांच्या क्लबांतील माणसांनी विश्वस्त निधी स्थापून ते उभे केले आणि तेच ते चालवितात. अभियांत्रिकी आरेखने हा त्यांच्या संग्रहाचा गाभा आहे. बेंटले ड्रायव्हर्स क्लबचे मुख्यालयही त्याच गावात आहे. मूळ बेंटले कंपनी १९३१ मध्ये बुडाली आणि रोल्स-रॉइसने घेतली, म्हणजे हेही एका बुडालेल्या कंपनीचेच दप्तर. एवढ्याशा खेड्यात दोन दप्तरे नांदत आहेत.

मुंबईचा धागाही खरा आहे. रूट्स ग्रुपने १९४९ मध्ये मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन केली होती. पुढे ती मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे गेली आणि लँब्रेटा स्कूटरमुळे घरोघरी माहीत झाली. तुमच्या सासऱ्यांच्या गॅरेजात हिलमन आणि हम्बर इतक्या संख्येने का येत होत्या याचे एक कारण यात असू शकते.

एमजीबीबद्दल थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एमजीबीची बॉडी स्विंडनला दाबली जाई, इंजिन कॉव्हेंट्रीहून येई आणि जोडणी ॲबिंग्डनला होई. तीन गावांत बनलेल्या वस्तूची नोंद एका ओळीत आणणारी जी खातेवही कारखान्यात ठेवली जाई, तिच्यावरून आज गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम ‘हेरिटेज सर्टिफिकेट’ देते. माझी गाडी मी घेतली तेव्हा लालभडक होती. दाखल्यात तिचा मूळ रंग फिका निळा निघाला. चासी नंबरच्या आधीची जीएचएन३ ही अक्षरेही बोलकी आहेत: ‘जी’ म्हणजे एमजी, ‘एच’ म्हणजे १४०० ते १९९९ सीसीचे इंजिन, ‘एन’ म्हणजे दोन आसनी उघडी गाडी, ‘३’ म्हणजे मालिका, आणि पुढे ‘एल’ असेल तर डाव्या हाताचे स्टिअरिंग. म्हणून सांगतो, वहीतील नंबरांची नक्कल करताना आगेमागे दिसणारे एकही अक्षर, तिरपी रेघ किंवा टिंब गाळू नका.

तिरपागडा

रंगाचा भंग करतो, क्षमस्व. ज्या साम्राज्याने आपल्याकडून कापूस नेला आणि कापड विकले, त्याच्या मोटारींच्या खातेवह्या जपण्याची चिंता ठाण्यातल्या एका घराने का करावी? त्यांच्याकडे संग्रहालये आहेत, लॉटरीचा निधी आहे, निवृत्त इंजिनिअर आहेत. शिवाय या दाखल्यांचा खरा उपयोग श्रीमंत हौशी लोकांच्या गाड्यांचे भाव वाढविण्यापुरता आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे नाव आहे त्याने दप्तराचा खर्च करावा, एवढे साधे गणित आहे.

मिडलँडकर

तिरपागडा, तुमचे साधे गणित रोव्हरच्या बाबतीत करून पाहू. उत्तर कोणत्या पत्त्यावर येते ते तुम्हाला आवडेल.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिसचा नफील्ड गट एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) झाली. १९६८ मध्ये लेलँडशी विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड झाली आणि रोव्हर, ट्रायम्फ, जॅग्वार हे सगळे एका घरात आले. १९७५ मध्ये सरकारने ते घर ताब्यात घेतले. रोव्हर ग्रुप हे नाव धारण केलेला हा संसार १९८८ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसला आणि १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूला विकला गेला. २००० मध्ये वाटणी झाली. मिनी बीएमडब्ल्यूने ठेवली, लँड रोव्हर फोर्डला गेली, आणि लाँगब्रिजचा कारखाना व एमजी हे नाव फिनिक्स नावाच्या गटाला दहा पौंडांत मिळाले. २००५ च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर कोसळली आणि सहा हजारांवर माणसे बेकार झाली. रोव्हर ७५ आणि २५ या मॉडेलांचे आराखडे शांघायच्या एसएआयसी या मोटार कंपनीने त्याआधीच विकत घेतले होते. कारखान्याची यंत्रसामग्री व एमजीचे नाव नानजिंगच्या कंपनीने घेतले. रोव्हर हे नाव बीएमडब्ल्यूकडून फोर्डने विकत घेतले, आणि २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हरच्या सौद्यात ते टाटा मोटर्सकडे आले. त्याच सौद्यात डेमलर आणि लँचेस्टर ही नावेही आली.

म्हणजे १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीला स्टार्लीच्या सायकलीवर जे रोव्हर नाव लागले, त्याचा मालक आज मुंबईत आहे, आराखडे चीनमध्ये आहेत, आणि जुन्या खातेवह्या गेडनला आहेत. भाऊबंदकीत जमीन एकाकडे, घर दुसऱ्याकडे आणि देव्हारा तिसऱ्याकडे जावा तसे हे झाले. नाव ज्याचे त्याने खर्च करावा म्हणाल, तर बिल बॉम्बे हाउसला पाठवा.

गेडनचा संग्रह कसा वाचला तेही सांगण्यासारखे आहे. ब्रिटिश लेलँडची आर्थिक अवस्था अगदी वाईट होती त्याच वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, कंपनीच्या जुन्या गाड्या सांभाळण्यासाठी लेलँड हिस्टॉरिक व्हेइकल्स हा वेगळा विभाग निघाला. १९८३ मध्ये त्यातून ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट हा धर्मादाय न्यास तयार झाला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता. संग्रह कंपनीच्या मालमत्तेतून आधीच बाहेर काढून न्यासाकडे ठेवला होता म्हणून २००५ मध्ये लाँगब्रिज कोसळले तेव्हा तो देणेकऱ्यांच्या यादीत अडकला नाही. कंपनी धडधाकट असताना, किंवा निदान उभी असताना, दप्तर तिच्यापासून कायद्याने वेगळे करणे, हा धडा भारतीय कंपन्यांनीही घेण्यासारखा आहे.

दप्तरदार

काहींनी तो घेतलेला आहे. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आहे, विक्रोळीला गोदरेजचे अभिलेखागार आहे. पण त्या जिवंत उद्योगसमूहांच्या संस्था आहेत. आपल्याकडे मेलेल्या कंपनीच्या दारात कोण जातो हा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये व्यावसायिक कागदपत्रांसाठी बिझनेस आर्काइव्ह्ज कौन्सिल ही संस्था १९३४ पासून आहे, आणि दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीचे दप्तर धोक्यात असेल तर अवसायकाशी बोलण्यासाठी अभिलेखतज्ज्ञांचा एक आपत्कालीन गटही तिथे काम करतो. आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगावी पायपीट करून वाण्याच्या पुड्यांतून आणि माळ्यावरच्या बासनांतून कागद सोडवीत होते. ती निष्ठा पेशव्यांच्या पत्रांना मिळाली. गिरणीच्या मस्टरला आणि गॅरेजच्या वहीला ती मिळालेली नाही.

तिरपागडा यांच्या मूळ आक्षेपाबद्दल एवढेच म्हणेन की या वहीतील इंग्रजांचे म्हणावे असे फक्त नंबर आहेत. गाडी कोणत्या रस्त्यावर मोडली, कोणी दुरुस्त केली आणि कशाने केली, हा मजकूर इथला आहे.

शाईपेन

मी पुण्यातील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ३१ वर्षे काढली, म्हणून कागदाच्या जातींबद्दल थोडे लिहितो. ब्रिटिश मोटार कंपन्यांचे दप्तर म्हणजे सगळे कागदच असे समजू नये.

जुनी मूळ आरेखने बहुधा ट्रेसिंग क्लॉथवर असत. तलम सुती कापडाला खळ देऊन ते इतके गुळगुळीत करीत की त्यावर शाईची रेघ केसासारखी उमटे. या कापडाचा शत्रू पाणी आहे. ओले झाले की खळ निघते आणि रेघ पसरते. टंचाईच्या काळात ड्राफ्ट्समन मंडळी रद्द झालेली आरेखने घरी नेऊन उकळीत आणि त्यांचे रुमाल करीत असत, ही गोष्ट आम्हीही आमच्या वरिष्ठांकडून ऐकली होती, आणि विलायतेतही तसेच होत असे. किती मोटारींचे गिअरबॉक्स असे खिशात गेले असतील!

ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रती आधी निळ्या पार्श्वभूमीच्या ब्लूप्रिंट असत आणि नंतर आम्ही ज्यांना अमोनिया प्रिंट म्हणत असू त्या आल्या. अमोनिया प्रिंट उजेडात ठेवली की पिवळी पडत जाते आणि रेघ विरते. चांगल्या कागदाशेजारी ठेवली तर त्यालाही डाग देते, म्हणून ती वेगळी ठेवावी लागते. साठ-सत्तरच्या दशकांत जागा वाचविण्यासाठी अनेक कंपन्यांनी मायक्रोफिल्म करून मूळ कागद फेकून दिले. त्यातली ॲसिटेटची फिल्म दमट जागेत राहिली तर तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि तिच्या वळकट्या होतात. एका रिळाला तो वास लागला की शेजारच्या रिळांनाही धोका असतो. त्याहून जुनी नायट्रेटची फिल्म असेल तर ती पेट घेणारी वस्तू आहे, ती घरात ठेवूच नये.

आणि स्कॅन केले म्हणजे जपले असे कोणी समजू नये. ज्या फायलीला नाव नाही आणि ज्या नावाची सूची नाही, ती फाइल हार्ड डिस्कवर असली काय आणि रद्दीत असली काय, शोधणाऱ्याला सारखीच. एमजी रोव्हरच्या काळातील आरेखने संगणकावर काढलेली होती. ती उघडणारे सॉफ्टवेअर चालू स्थितीत ठेवणे हे ट्रेसिंग क्लॉथ सांभाळण्यापेक्षा अवघड आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीचे कापड उलगडून बघायला उजेडाखेरीज काही लागत नाही.

कासवछाप

या चर्चेत भारतातील वंशजांचा उल्लेख हवा. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड हे नाव १९६३ मध्ये मोटारींवरून उतरले. मद्रासमध्ये मात्र ट्रायम्फ हेराल्ड ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनत राहिली, आणि रोव्हरच्या एसडी१ वर आधारलेली ‘स्टँडर्ड २०००’ १९८५ मध्ये आली. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका ॲम्बेसडर होऊन उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत जगली. मॉरिसच्या या मॉडेलाचे ब्रिटनमधील आयुष्य मोजकी वर्षे होते आणि बंगालमधील अर्धशतकाहून अधिक. मग मॉरिसचे दप्तर नेमके कुठले म्हणायचे? त्या आरेखनांत उत्तरपाड्याला किती बदल झाले, कोणी केले, याची नोंद गेडनला असण्याचे कारण नाही. इराणमध्येही तीच गोष्ट आहे. रूट्सची हिलमन हंटर ‘पेकान’ या नावाने २००५ पर्यंत तिथे बनत होती.

लिंबलोण

सर्वांचे मनापासून आभार. शाईपेन यांचा प्रतिसाद वाचून वही प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली आणि धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, ट्रंकेत नव्हे, तर लाकडी कपाटात आडवी ठेवली आहे. मोबाइलवर पानांचे फोटो काढायला सुरुवात केली आहे, एकूण ११२ पाने आहेत.

दोन शंका उरतात. वहीत मालकांची आडनावे आणि काही ठिकाणी पत्ते आहेत. ती माणसे गेली असतील, पण त्यांची मुले-नातवंडे त्याच पत्त्यावर असू शकतात. ते सर्वांसमोर मांडणे योग्य आहे का? दुसरी शंका अशी की मूळ वही रॉक्स्टनला पाठवावी का. क्लबच्या माणसांनी चालविलेल्या जागेचे पुढे काय, हा विचार मनात येतो. हौशी माणसे थकली की काय होणार?

दप्तरदार

आडनावे व पत्ते झाकून एक प्रत सर्वांसाठी ठेवावी आणि पूर्ण प्रत अभ्यासकासाठी संस्थेकडे बंद ठेवावी, अशी रीत आहे. मूळ वही मात्र मी परदेशी पाठविणार नाही. तिची पूर्ण प्रत तिथे जाऊ द्या, मूळ इथल्या एखाद्या सार्वजनिक अभिलेखागारात द्या. मोडी वाचणारी माणसे पुण्यात आणि मुंबईत मिळतील, बॅनबरीला मिळणार नाहीत. शिवाय दोन देशांत दोन प्रती असणे हा विमा आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले तेव्हा अल्व्हिसचा मोटारींचा कारखाना आणि ट्रायम्फचा मोटारसायकलींचा कारखाना उद्ध्वस्त झाले. ज्या कागदाची एकच प्रत होती तो त्या रात्रीनंतर उरला नाही.

मिडलँडकर

क्लबांबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण ‘हौशी’ हा शब्द मला खटकला. ब्रिटनमध्ये १९०४ पासून मोटारींची नोंदणी स्थानिक परिषदा करीत. सत्तरच्या दशकात हे काम स्वान्सीच्या केंद्रीय संगणकाकडे गेल्यावर परिषदांच्या जाडजूड नोंदवह्या निरुपयोगी ठरल्या आणि कित्येक ठिकाणी सरळ नष्ट करण्यात आल्या. ते काम सरकारी, पगारी, अधिकृत माणसांनी केले. ज्या वाचल्या त्यांतील कितीतरी ड्रॉइटविच येथील किटहेड ट्रस्ट या वाहनप्रेमी मंडळींच्या संस्थेने उचलून नेल्या. आज एखाद्याला कोठारात सापडलेल्या ऑस्टिन सेव्हनचा मूळ नंबर परत मिळवायचा असेल तर सरकारच त्याच्याकडे जुन्या नोंदीचा पुरावा मागते, आणि तो पुरावा शोधण्यासाठी त्याला अशाच संस्थांच्या दारात जावे लागते.

रोल्स-रॉइसचे पाहा. कंपनी १९७१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. आज जुन्या गाड्यांची चासी कार्डे नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी गावात एन्थुझिअस्ट्स क्लबच्या हंट हाउसमध्ये आहेत. गाडी कोणासाठी बनली, बॉडी कोणी चढविली आणि ती कोणत्या बंदरातून गेली हे त्यांवरून कळते. हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या गाड्यांवर लिहिणाऱ्याला तिकडे वळावेच लागते. हेही सारे हौशीच.

मात्र लिंबलोण यांची भीती मला मान्य आहे. क्लबांचे सदस्य म्हातारे होत आहेत, हे मी दर सभेला पाहतो. बुडालेल्या कंपनीत काम केलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. आरेखनाच्या कोपऱ्यातील सही कोणाची आणि पेन्सिलीने लिहिलेले संक्षेप कशाचे, हे सांगणारा तोच आहे. कागद थांबतील, तो थांबणार नाही. म्हणून पैसे थोडे असतील तर ते नवीन स्कॅनरवर घालण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून ते संक्षेप उतरवून घेण्यावर घालावेत असे मी आमच्या क्लबातही सांगत असतो. माझे कोणी ऐकत नाही, स्कॅनर घ्यायला सगळ्यांना आवडते.

दाखल्यांच्या शुल्कावर तिरपागडा यांचा रोख होता. श्रीमंत हौशी माणसाने भरलेल्या त्या शुल्कावर खातेवह्या सांभाळण्याचा काही खर्च निघत असेल तर त्यात मला वावगे वाटत नाही. त्याच खातेवह्यांमुळे खोट्या नंबरची मिनी ‘कूपर एस’ खपविणाराही पकडला जातो.

तिरपागडा

बॉम्बे हाउसच्या पत्त्यावर मी निरुत्तर आहे. शुल्काचा मुद्दा अंशतः मागे घेतो. एक प्रश्न राहतो: त्या मोडी रकान्यात असे आहे तरी काय? सासूबाईंच्या भीतीने लिहिलेला पानाचा हिशेब निघाला तर?

लिंबलोण

पान ४७ चा फोटो टाकला आहे. आडनाव झाकले आहे. तारीख एप्रिल १९५४ ची आहे, गाडी हिलमन मिंक्स. बाळबोधात ‘पाणी उकळते, हेड उतरविले’ असे लिहिले आहे. शेरा कोणी वाचून देईल का?

शाईपेन

वडिलांनी हट्टाने मोडी शिकविली होती, ती आज कामास आली. शेरा असा आहे: ‘बोरघाटात दोन वेळा थांबली. पंखा लहान. हम्बरचा पंखा कापून बसविला. पुली घासते ती सरकविली. ठीक.’

खाली वेगळ्या शाईने एक ओळ आहे: ‘पुन्हा आली नाही.’

मिडलँडकर

कॉव्हेंट्रीत बसून ज्याने तो पंखा काढला त्याने बोरघाट पाहिला नव्हता. हम्बरचा पंखा कापून मिंक्सला बसविल्याची नोंद मी तरी आजवर कुठल्या कारखान्याच्या कागदात वाचलेली नाही. लिंबलोण, असे शेरे किती पानांवर आहेत?

लिंबलोण

अजून ४६ च पाने मोजली आहेत. ‘पंखा’ हा मोडी शब्द आता शाईपेन यांच्यामुळे ओळखू येतो. तो नऊ ठिकाणी आहे.